माझा भाव आला होता

बुधवार आहे. संध्याकाळचे पावणेआठ. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी झाली आहे आणि तुम्ही क्रूड ऑइलच्या वायद्याची स्क्रीन उघडून बसला आहात. अमेरिकेतल्या तेलाच्या साठ्याचा आठवड्याचा आकडा आठ वाजता येईल. थंडीच्या दिवसांत तो आपल्याकडे नऊला येतो, कारण तिकडची घड्याळं तासाने सरकतात. हातात पंधरा मिनिटं आहेत. या पंधरा मिनिटांत आपण काही घ्यायचं नाही, काही विकायचं नाही. ऑर्डर लागते म्हणजे नेमकं काय होतं, एवढंच सावकाश बघायचं.

माउसवरचा हात उचला आणि मांडीवर ठेवा. पाठ खुर्चीला टेकू द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू दे, मुद्दाम लांबवू नका. खांदे वर चढले असतील तर खाली येऊ द्या. स्क्रीनसमोर बसणाऱ्याचे खांदे चढलेलेच असतात, हे मी स्वतःवरून सांगते.

आता वरचा मोठा आकडा बघा. समजा, ५,६४०. एका बॅरलचा भाव. याला आपण ‘चालू भाव’ म्हणतो, पण हा आकडा झालेल्या सौद्याचा आहे. कुणीतरी ५,६४० ला विकलं, कुणीतरी घेतलं आणि दोघेही निघून गेले. आकडा मागे राहिला, पाटीवर पुसायचा राहून गेलेल्या हिशेबासारखा. पुढच्या माणसाला याच भावाला माल मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो ठळक असतो, हिरवा-लाल होतो, म्हणून नजर त्याला चिकटते. थोडा वेळ त्याच्याकडे बघा आणि मनात म्हणा, हे होऊन गेलेलं आहे.

मग नजर खाली आणा. डावीकडे घेणाऱ्यांच्या पाच ओळी, उजवीकडे विकणाऱ्यांच्या पाच. घेणारे: ५,६३९ ला १२ लॉट, ५,६३८ ला २०, ५,६३७ ला ३१, ५,६३६ ला १८, ५,६३५ ला ६४. विकणारे: ५,६४१ ला ९, ५,६४२ ला १५, ५,६४३ ला २७, ५,६४४ ला २२, ५,६४५ ला ५८. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण खऱ्या स्क्रीनची ठेवण अशीच असते. एमसीएक्स या आपल्या एक्स्चेंजवर क्रूडचा लॉट १०० बॅरलचा, आणि भाव एकेका रुपयाने हलतो. म्हणजे एक ओळ खाली उतरणं म्हणजे लॉटमागे शंभर रुपये.

या दहा ओळी पुन्हा एकदा वाचा, बोट ठेवून वाचल्यासारख्या. एक गोष्ट दिसेल. ५,६४० वर, त्या ठळक आकड्यावर, आत्ता कुणीही उभं नाही. घेणारे एक पायरी खाली आहेत, विकणारे एक पायरी वर. मधली जागा रिकामी आहे. ज्याला आपण बाजारभाव म्हणत होतो, तो त्या रिकाम्या जागेचं नाव आहे.

आपल्या भाषेत या सौद्याला वायदा म्हणतात. अमुक दिवशी देईन, अमुक दिवशी घेईन, असा दिलेला शब्द. मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन १८७५ साली उभी राहिली आणि भारतातला संघटित वायदे बाजार तिच्यापासून मोजतात. मला हा शब्द ‘फ्युचर्स’पेक्षा खरा वाटतो. फ्युचर्समध्ये नुसता येणारा काळ आहे. वायद्यात दोन माणसं आहेत, एक शब्द देणारा आणि एक घेणारा. ऑर्डर टाकताना आपण नेमकं हेच विसरतो. ऑर्डर म्हटलं की आपल्याला हुकूम ऐकू येतो, बटण दाबलं की झालं पाहिजे असं वाटतं. पण समोर कुणी नसेल तर तुमचा शब्द तसाच हवेत राहतो.

आता मनातल्या मनात एक लिमिट ऑर्डर टाकू. खरेदी, एक लॉट, भाव ५,६३५. या ऑर्डरचा अर्थ हळू वाचा: ५,६३५ किंवा त्याहून स्वस्त मिळालं तर घेईन, महाग घेणार नाही. भावाची पूर्ण हमी. मिळेलच याची हमी नाही.

५,६३५ वर आधीच ६४ लॉट उभे होते. तुम्ही पासष्टावे. एक्स्चेंजचा नियम साधा आहे. ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी, आणि एकाच भावाला अनेक असतील तर जो आधी आला तो आधी. संगणक सेकंदाच्या बारीक तुकड्यांपर्यंत वेळ लिहून ठेवतो. शिकागोच्या काही वायद्यांत मालाची वाटणी ऑर्डरच्या आकाराच्या प्रमाणातही होते, पण आपल्याकडे रांग ती रांग.

रेशनच्या दुकानापुढची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आधी साखर आली की आई मला पिशवी आणि कार्ड देऊन पिटाळायची. ऊन चढेपर्यंत उभं राहायचं, आणि पुढे चार-पाच माणसं उरली असताना दुकानदार आतून पाटी आणून लावायचा: साखर संपली. साखर आली नव्हती असं नाही. भाव बदलला होता असंही नाही. माझी पाळी येईपर्यंत ती पुरली नाही, इतकंच. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते. इथे रुमाल चालत नाही.

आता भाव खाली येऊ द्या. घाई नको, एकेक पायरी. ५,६३९ चे बारा लॉट भरले गेले. ५,६३८ चे वीस. मग ३७, मग ३६. आणि आता ठळक आकडा झाला ५,६३५. तुमचा भाव. छातीत काय होतं तिकडे लक्ष द्या. काहीतरी पुढे झेपावतं. विकणाऱ्यांनी या पायरीवर चाळीस लॉट विकले. पहिल्या चाळीसजणांना मिळाले. चोवीस अजून तुमच्यापुढे आहेत. आणि इथे विकणारे थांबले. वरून नवे घेणारे आले, भाव फिरला. ५,६३८. ५,६४४. ५,६६०.

चार्टवर त्या मिनिटाच्या मेणबत्तीचं टोक बरोबर ५,६३५ ला टेकलेलं आहे. तुमच्या पदरात काही नाही.

इथे थांबा. पुढे वाचायची घाई करू नका. मनात जे वाक्य उठलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण तेच वाक्य घेऊन मी एकदा आमच्या गावातल्या ब्रोकरच्या शाखेत फोन केला होता. “माझा भाव आला होता. माझी ऑर्डर का लागली नाही?” डेस्कवरच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाव आला होता ताई. तुमचा नंबर आला नाही.” मी तेव्हा रागाने फोन ठेवला. त्याच्या त्या दोन वाक्यांत लिमिट ऑर्डरचा सगळा अभ्यास आहे, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

तुमची खरेदी नक्की झाली असं कधी म्हणता येईल? भाव तुमच्या पायरीच्याही खाली जाईल तेव्हा. ५,६३४ ला सौदा झाला, म्हणजे ५,६३५ वर उभे असलेले सगळे भरले गेले; त्याशिवाय विकणारा खालच्या पायरीवर येऊच शकत नाही. नुसता स्पर्श पुरत नाही, भाव आरपार जावा लागतो. जुन्या चार्टवर आपली पद्धत तपासून बघणारे इथेच फसतात. टोक टेकलं की सौदा झाला असं धरतात, आणि कागदावर नफा दिसतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघू. ती अधिक कडू आहे, पण माझ्या मते तीच नीट समजून घेण्यासारखी आहे.

भाव पुन्हा ५,६३५ ला येऊ द्या. या वेळी कुणीतरी तीनशे लॉट विकायला काढले आहेत. चौसष्टच्या चौसष्ट भरले गेले. पासष्टावे तुम्ही, तुम्हालाही मिळालं. फोन वाजला, ‘ऑर्डर एक्झिक्युटेड’. आणि भाव थांबला नाही. ५,६३४, ५,६३०, ५,६२१.

दोन्ही वेळा तुम्ही तेच केलं होतं. तीच ऑर्डर, तोच भाव. पहिल्या वेळी भाव तुमच्या जागेवरून फिरला, तेव्हा तुम्ही रांगेत मागे राहिलात. दुसऱ्या वेळी भाव तुमच्यातून पार निघून गेला, तेव्हा तुम्ही त्यात होतात. जरा विचार करा: जो सौदा तुमच्या अंदाजाप्रमाणे अगदी त्याच पायरीवरून फिरतो, त्यात मागच्या माणसाला जागा मिळत नाही. आणि जो सौदा तुमच्या विरुद्ध जातो, त्यात सगळ्यांना जागा असते. कुणालाही मागे ठेवत नाही तो. ही कुणाची लबाडी नव्हे, तुमचं नशीब फुटकं आहे असंही नाही. रांगेची घडणच अशी आहे. कित्येक चांगली, हिशेबी माणसं वर्षानुवर्षं स्वतःला कमनशिबी समजत आली, ती या एका गोष्टीमुळे. त्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं.

मनात सल राहिला असेल तर राहू द्या. पुढे जाऊ.

एक छोटी गोष्ट वाटेत. ऑर्डर टाकून झाल्यावर हात स्वस्थ राहत नाही. ५,६३५ चं ५,६३६ करू, पुन्हा ३५ करू. दर वेळी तुम्ही जुनी जागा सोडून नव्या रांगेच्या शेवटी उभे राहता. लॉट वाढवले तरी तेच. कमी केले तर जागा राहते. म्हणून मघाशी हात मांडीवर ठेवायला सांगितला.

घड्याळ बघा. आठला तीन मिनिटं कमी. आता त्या पाच-पाच ओळी पुन्हा वाचा. आकडे बारीक झालेले दिसतील. जिथे वीस होते तिथे चार, जिथे चौसष्ट तिथे अकरा. पायऱ्यांमध्ये खिंडारंही पडली असतील. आकडा यायच्या आधी जाणते लोक आपला शब्द मागे घेतात. त्यांचं चुकत नाही. दोन मिनिटांनी काय होणार हे माहीत नसताना कोण शब्द देईल? पण याच क्षणी स्टॉप लॉस टाकून निर्धास्त बसलेला एक माणूस आहे. त्याच्या जागी स्वतःला ठेवा.

तुमच्याकडे ५,६४० ला घेतलेला एक लॉट आहे. तुम्ही ठरवलं आहे, चाळीस रुपयांहून जास्त सोसायचं नाही. म्हणून ५,६०० वर स्टॉप. ट्रिगर ५,६००. ही ऑर्डर कुठे आहे? त्या दहा ओळींत शोधा. सापडणार नाही. ती एक्स्चेंजच्या संगणकात वेगळ्या वहीत निजलेली आहे. घेणाऱ्यांना ती दिसत नाही, रांगेतही ती नाही. ५,६०० ला किंवा त्याखाली कुणाचातरी सौदा झाला की ती जागी होईल आणि तेव्हा बाजारात येईल. म्हणजे दुसऱ्या दोन माणसांचा सौदा आधी, तुमचा त्यानंतर. स्टॉप हा नेहमी एक पाऊल मागूनच येतो, त्याचा जन्मच तसा आहे.

आठ वाजले.

साठा अपेक्षेपेक्षा खूप वाढला. भाव ५,६२८, ५,६१५, ५,६०३, ५,६००. तुमची ऑर्डर जागी झाली. आता हा एकच क्षण आपण पसरून बघू, जसं ओलं कापड दोरीवर पसरतात. तुम्ही विकायला उभे आहात, आणि खाली घेणारे असे आहेत: ५,५९८ ला २ लॉट, ५,५९४ ला ३, ५,५९० ला ४, ५,५८७ ला १०. पण तुमच्याबरोबर आणखी स्टॉप जागे झाले आहेत. कुणाचा ५,६०२ ला होता, कुणाचा ५,६०१ ला. ते आधीच बाहेर पडलेत. त्यांनी ९८ चे दोन नेले, ९४ चे तीन, ९० चे चारही नेले. तुमचा लॉट ५,५८७ ला विकला गेला. ५,६०० आणि ५,५८७ मधले तेरा रुपये, म्हणजे तेराशे. कागदावर चाळीस रुपयांचा ठरवलेला तोटा त्रेपन्न रुपयांचा झाला.

कुणी तुमचे पैसे चोरले का? नाही. तुम्ही सांगितलं होतं, ५,६०० ला सौदा झाला की मिळेल त्या भावाला मला बाहेर काढा. बाहेर काढलं. स्टॉपमध्ये सुटकेचा शब्द असतो. भावाचा शब्द त्यात कधीच नव्हता.

आता याची दुसरी तऱ्हा. तुम्ही म्हणता, मिळेल त्या भावाला नको. ट्रिगर ५,६०० आणि लिमिट ५,५९५, त्याखाली विकणार नाही. ही एसएल ऑर्डर. भाव ५,६०० वरून एका उडीत ५,५९० ला गेला. तुमची ऑर्डर जागी झाली, विकणाऱ्यांच्या बाजूला ५,५९५ वर जाऊन उभी राहिली, आणि बाजार तिच्या खालून निघून गेला. ५,५७०. ५,५४०. तुम्ही भाव राखलात आणि सुटका गमावलीत. अंगणात कुलूप लावलेलं फाटक आणि घरात पाणी शिरतंय, अशी ही अवस्था आहे. मी दोन्ही तऱ्हा भोगल्या आहेत. मला विचाराल तर रात्रीच्या बाजारात तेरा रुपये जास्त देऊन बाहेर पडणं मला बरं वाटतं. पण ज्या मालात घेणारेच मोजके असतात, तिथे मिळेल तो भाव म्हणजे कुठलाही भाव. काही ऑप्शनमध्ये असे विचित्र सौदे होऊ लागले म्हणूनच एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनसाठी एसएल-एम, म्हणजे बाजारभावाने सुटणारा स्टॉप, बंद केला. बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून तो बंद केला.

भाव राखायचा की सुटका? या दोन्ही गोष्टी एकाच ऑर्डरमध्ये मागता येत नाहीत. हा प्रश्न आत्ता सोडवू नका. नुसता जवळ ठेवा.

आणि एक श्वास घ्या. आत घेताना पाच मोजा.

या पाच सेकंदांची एक खरी गोष्ट आहे. ६ मे २०१० च्या दुपारी अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याने शिकागोच्या ई-मिनी या शेअर निर्देशांकाच्या वायद्याचे ७५,००० लॉट विकायला काढले. बाजार आधीच घाबरलेला होता. घेणारे मागे सरकत गेले, इतके की सकाळी जेवढी खरेदीची मागणी उभी होती तिच्या एक टक्क्याहूनही कमी उरली. वेगवान संगणक एकमेकांना तेच लॉट विकत राहिले; चौदा-पंधरा सेकंदांत सत्तावीस हजारांहून जास्त लॉट फिरले आणि खरा घेणारा जवळपास कुणीच नव्हता. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे २ वाजून ४५ मिनिटं २८ सेकंद झाले तेव्हा शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजच्या यंत्रणेने सौदे थांबवले. एक स्टॉप दुसऱ्याला जागं करील आणि दुसरा तिसऱ्याला, ही साखळी तोडण्यासाठीच ती व्यवस्था केलेली होती. थांबवले ते फक्त पाच सेकंद. तेवढ्यात घेणारे परत रांगेत आले, आणि बाजार पुन्हा सुरू झाल्यावर ई-मिनीचा भाव सावरू लागला.

पाच सेकंद. तुम्ही आत्ता आत घेतलात तेवढा श्वास. त्या काळात जगात काहीही बदललं नाही, कुठल्या कंपनीचा कारखाना जळाला नाही की उभा राहिला नाही. फक्त समोर माणसं परत आली.

मला वाटतं, ‘माझा स्टॉप उडवला’ असं आपण म्हणतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. भाव खाली जातो, नेमका आपला स्टॉप घेतो आणि वर परततो. कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे अशी खात्रीच पटते. अर्थतज्ज्ञ कॅरोल ऑस्लर यांनी चलनबाजारातल्या खऱ्या ऑर्डरी तपासून २००३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. नफा वसूल करायच्या ऑर्डरी गोल आकड्यांवर दाटलेल्या असतात, आणि स्टॉप त्या गोल आकड्यांच्या किंचित पलीकडे, असं त्यांना आढळलं. म्हणून गोल आकड्यापाशी भाव अडखळतो, आणि तो ओलांडला की धावत सुटतो. बाजारात बलदंड खेळाडू असतात आणि ते ढकलतातही, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा तिथे आपल्यासारखीच शेकडो माणसं, आपल्यासारखाच विचार करून, त्याच उंबऱ्याबाहेर उभी असतात. ५,६०० दिसला की आपण सगळेच ५,५९९ लिहितो. पुढच्या वेळी स्टॉपचा आकडा लिहिण्याआधी क्षणभर त्या गर्दीकडे बघा. ती तुमच्या वैऱ्यांची नाही.

सव्वाआठ होऊन गेले असतील. आकड्याची धूळ खाली बसली असेल, ओळी पुन्हा भरू लागल्या असतील. आता शेवटचं बघायचं आहे, आणि ते स्क्रीनवर दिसत नाही. बाजार बंद असतो तेव्हा तुमची ऑर्डर कुठे असते?

२० एप्रिल २०२०. टाळेबंदीचे दिवस. एमसीएक्सचा बाजार रात्रीऐवजी संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. त्या दिवशी क्रूडचा एप्रिलचा वायदा संपणार होता. पाच वाजता शेवटचा भाव होता ९६५ रुपये. अनेकांनी तो स्वस्त समजून घेतला होता. तेल याहून किती खाली जाणार? पण या वायद्याचा हिशेब अमेरिकेतल्या भावाने व्हायचा होता आणि तिकडे अजून सकाळ होती. तेल साठवायला टाक्या उरल्या नव्हत्या. ज्यांच्याकडे तिकडचा मे महिन्याचा वायदा होता त्यांना तेल घ्यायचं नव्हतं आणि घेणारा मिळत नव्हता. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले तेव्हा तिकडे दुपारचे अडीच, आणि त्या वायद्याचा भाव ठरला उणे ३७.६३ डॉलर. विकणारा घेणाऱ्याला पैसे देणार, तेव्हा माल हलणार. एमसीएक्सवर तो वायदा उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. ९६५ पासून तिथपर्यंत ३,८४९ रुपये. एका लॉटमागे ३,८४,९००. काही ब्रोकर मुंबई उच्च न्यायालयात गेले.

त्या संध्याकाळी ज्याने ९०० वर स्टॉप लावला असेल, त्याची कल्पना करा. त्याने आपल्या परीने सगळं नीट केलं होतं. पण पाचनंतर त्याच्या ऑर्डरीला जागं करणारा सौदा होणारच नव्हता, कारण दार बंद होतं. भाव ९०० वरून, ५०० वरून, शून्यावरून गेला आणि त्या ऑर्डरीला कुणीही हाक मारली नाही. तो माणूस त्या रात्री झोपला असेल.

याच्याशी थोडा वेळ बसून राहा. याला काही उत्तर लावू नका.

तो दिवस निराळा होता, पण त्याची लहान आवृत्ती रोज रात्री घडते. आपल्या बहुतेक ऑर्डरी त्या दिवसापुरत्याच असतात, बाजार बंद झाला की रद्द होतात. आपण झोपलेले असताना तिकडे सौदे चालू राहतात, आणि सकाळी भाव जिथे उघडायचा तिथे उघडतो. ५,६०० चा स्टॉप सकाळी पुन्हा लावायला गेलात आणि बाजार ५,५२० ला उघडला, तर मधल्या ऐंशी रुपयांत तुम्हाला उतरायला एकही पायरी नव्हती.

तुम्हाला मी एकच विनंती करते. आज जेवण झाल्यावर, सौदा उद्यावर न्यायचा असेल तर, एक कागद घ्या. त्यावर दोन आकडे लिहा. पहिला, जिथे तुमचा स्टॉप जागा होईल. दुसरा, वाईट रात्री तो प्रत्यक्षात जिथे लागू शकेल. दुसरा आकडा प्रामाणिकपणे लिहा, पहिल्यापासून तेरा रुपयांचा फरक नको, शंभराचा लिहा, दोनशेचा लिहा. मग तुमचा खरेदीचा भाव आणि हा दुसरा आकडा यांतल्या फरकाला तुमच्या लॉटने आणि शंभर बॅरलने गुणा. आलेली रक्कम घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवता येत असेल तर सौदा ठेवा. येत नसेल तर स्टॉप सरकवू नका, लॉट कमी करा. दहा बॅरलचा मिनीचा वायदाही आहे.

आणि ठेवायचाच असेल, तर हे माहीत असू द्या. उन्हाळ्याच्या दिवसांत आपला बाजार रात्री साडेअकराला बंद होतो, तिकडचा आपल्या पहाटेच्या अडीचपर्यंत चालतो, तासभर थांबून पुन्हा सुरू होतो, आणि आपलं दार सकाळी नऊला उघडतं.